मुद्रा आणि मोल : रोमन ब्राँझ नाण्यांवरील साम्राज्याची प्रतिमा

इतिहासाच्या साधनांत नाण्याचे स्थान काहीसे वेगळे आहे. शिलालेख एका जागी उभा असतो व वाचकाला त्याच्यापर्यंत जावे लागते. ग्रंथ लिहिणारे थोडे आणि प्राचीन काळी ते वाचणारेही थोडेच. नाणे मात्र आपण होऊन माणसाच्या हाती येते, एका हातातून दुसऱ्या हाती जाते आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याच्याही कनवटीला बसते. राज्यकर्त्यांच्या ध्यानी ही गोष्ट फार पूर्वीच आली होती. परंतु तिचा जितका पद्धतशीर उपयोग रोमन सम्राटांनी करून घेतला, तितका प्राचीन जगात क्वचितच कोणी केला असेल.

रोमन नाण्यांचा विषय निघाला की आपले लक्ष साहजिकच सोन्याचांदीकडे वळते, कारण आपल्या देशात सापडलेली रोमन नाणी बहुतांशी त्याच धातूंची आहेत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मात्र ब्राँझच्या नाण्यांचा. सोन्याचे नाणे त्याच्या धातूमुळे चालते. ब्राँझचे नाणे प्रामुख्याने त्याच्यावरील मुद्रेमुळे चालते. यास्तव त्या मुद्रेत काय दाखविले आहे, ते खरे होते काय, आणि ज्यांच्या हाती ते पडले त्यांनी त्याचे काय केले, हे तीन प्रश्न ब्राँझच्या नाण्याच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरतात.

प्रथम धातूविषयी. ‘ब्राँझ’ हा शब्द येथे नाणकशास्त्रातील रूढीला अनुसरून वापरला आहे. वस्तुतः ऑगस्टसने इ. स. पू. २३ च्या सुमारास जी व्यवस्था लावून दिली, तीत सेस्टर्शियस व डुपाँडियस ही नाणी पितळेची, म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रणाची होती. ॲस हे नाणे तांब्याचे होते. चार ॲस म्हणजे एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक दिनारियस आणि पंचवीस दिनारियस म्हणजे सोन्याचा एक ऑरियस, असे हे कोष्टक होते. सेस्टर्शियसचे वजन सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या दोन तोळ्यांहून अधिक. तळहातावर ठेवले तर चांगलेच भरणारे नाणे. डुपाँडियस आणि ॲस आकाराने जवळजवळ सारखे होते, पण पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. नवे असताना पितळेचा पिवळेपणा व तांब्याचा तांबूसपणा यांवरून ते ओळखता येत. हाताळून काळवंडल्यावर ही ओळख अवघड होई. म्हणून नीरोच्या काळापासून डुपाँडियसवरील सम्राटाच्या मस्तकी किरणांचा मुकुट दाखविण्याची पद्धत पडू लागली. अर्थात सम्राटाच्या डोक्यावर काय आहे हे पाहून दुकानदार नाण्याची किंमत ठरवी.

हे दुकानदार आणि त्यांची गिऱ्हाइके कोण होती? पाँपेई येथील एका मद्यगृहाच्या भिंतीवरील लेखात साधे मद्य एका ॲसला, त्याहून बरे दोन ॲसला आणि फालेर्नियन नावाचे उंची मद्य चार ॲसला, असे दर दिले आहेत. इ. स. १४ मध्ये डॅन्यूबकाठच्या सैन्याने बंड केले, तेव्हा सैनिकांची एक मुख्य तक्रार अशी होती की, आपला देह आणि प्राण यांची किंमत रोजची दहा ॲस ठरविण्यात आली आहे. टॅसिटसने हा प्रसंग नोंदविला आहे. तात्पर्य, भाकरी, भाजी, मद्य, स्नानगृहाचे शुल्क आणि सैनिकाचा रोजमुरा यांचे जग ते ब्राँझच्या नाण्यांचे जग होते. सिनेटरांच्या व सावकारांच्या पेट्यांत ऑरियस असतील. रस्त्यावरच्या माणसाला साम्राज्य भेटे ते ॲस आणि सेस्टर्शियस यांच्या रूपाने.

या नाण्यांचे मोल मुद्रेवर अवलंबून होते याची साक्ष तत्कालीन ग्रंथकारही देतात. टायबेरियसच्या कारकिर्दीत ऑगस्टसची प्रतिमा असलेले नाणे शौचकूपात किंवा वेश्यागृहात नेणे हाही गुन्हा मानला जाऊ लागला, असे स्वेटोनियस सांगतो. कॅलिग्युलाच्या वधानंतर, इ. स. ४३ मध्ये, त्याची प्रतिमा असलेली सर्व ब्राँझ नाणी वितळविण्याचा ठराव सिनेटने केला, अशी नोंद डिओ कॅसियसने केली आहे. आणि त्या धातूचे पुढे काही चांगले झाले नाही, त्यातून सम्राज्ञी मेसालिनाने एका नटाचे पुतळे करविले, अशी पुस्तीही तो जोडतो. कॅलिग्युलाचे नाव छिन्नीने खोडलेली काही नाणी आजही पाहावयास मिळतात. तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने माणसाच्या मनावरील ठशाची तुलना नाण्याच्या ठशाशी केली आहे. चार ॲसच्या या नाण्यावर कोणाचा ठसा आहे, असे तो विचारतो; ट्रेजनचा असेल तर आणा, नीरोचा असेल तर फेकून द्या, ते चालणार नाही, असे त्याचे उत्तर आहे. दृष्टांत नैतिक आहे. पण धातू तोच असूनही चेहऱ्यावरून नाणे स्वीकारावे की टाकावे हे ठरू शकते, ही कल्पना ऐकणाऱ्यांना परिचित असल्याखेरीज हा दृष्टांत उपयोगी पडला नसता.

याच गोष्टीची उलट बाजू आपल्या देशात दिसते. भारताशी चाललेल्या व्यापारात साम्राज्याचे दरसाल पाच कोटी सेस्टर्शियस खर्ची पडतात, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. हिशोब सेस्टर्शियसमध्ये मांडला असला, तरी प्रत्यक्षात त्या काळी आले ते ऑरियस व दिनारियस. दक्षिण भारतात सापडलेल्या साठ्यांतील काही सुवर्णनाण्यांवर सम्राटाच्या मुखावर आडवी चीर दिलेली आढळते. तिच्या कारणाविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि चीर देणाऱ्याला सम्राटाच्या चेहऱ्याची मातब्बरी नव्हती, एवढे तरी उघड आहे. त्याला हवे होते ते सोने. दिनारियसचे नाव ‘दीनार’ या रूपाने संस्कृतात रुजले. सेस्टर्शियसचे नाव मात्र इकडे कोणी उचलले नाही. चौथ्या-पाचव्या शतकांतील लहान तांब्याची रोमन नाणी तमिळ प्रदेशात आणि श्रीलंकेत पुष्कळ मिळतात. परंतु ती स्थानिक बाजाराने आपल्या गरजेपोटी सुट्या चलनासारखी वापरलेली होती. सम्राटाचा हुकूम जेथवर चाले, तेथवरच त्याच्या ब्राँझच्या मुद्रेला सम्राटाने ठरविलेली किंमत होती.

आता या मुद्रांचा आशय पाहू. दर्शनी बाजूस सम्राटाचे मस्तक, भोवती त्याची नावे व पदव्या. मागील बाजूस एखादी देवता, वास्तू, प्रसंग किंवा प्रांताची स्त्रीरूप मूर्ती. आणि बहुतेक ब्राँझ नाण्यांवर ‘एस सी’, म्हणजे सिनेटच्या ठरावाने, ही दोन अक्षरे. या अक्षरांचा नेमका कायदेशीर अर्थ काय, याविषयी वाद आहे. पण नाण्याला सिनेटच्या प्रतिष्ठेचा आधार आहे असे ती दर्शवीत, यात शंका नाही. सेस्टर्शियसचा आकार मोठा असल्यामुळे ठसे कोरणाऱ्यांना तेथे ऐसपैस जागा मिळे, आणि म्हणून रोमन शिल्पदृष्टीचे उत्तम नमुने सोन्याइतकेच या पितळेवर आढळतात.

कित्येक नाण्यांवर सरकारने केलेल्या उपकाराची जाहीर नोंद असते. इ. स. १७ मध्ये आशिया प्रांतातील बारा नगरे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्यांना टायबेरियसने मदत केली आणि इ. स. २२-२३ मधील सेस्टर्शियसवर आशियाची नगरे पुन्हा उभारल्याचे घोषित केले. क्वाड्रन्स हे पाव ॲसचे क्षुद्र नाणे; त्यावर कॅलिग्युलाने ‘आर सी सी’ ही अक्षरे घालून इटलीतील विक्रीवरचा अर्धा टक्का कर माफ केल्याची वार्ता दिली, असा बहुतेक अभ्यासकांचा अर्थ आहे. ज्याला हा कर जाणवे त्याच माणसाच्या हाती पडणारे हे नाणे होते. हेड्रियनने थकलेली बाकी माफ केली, तेव्हा कर्जखतांच्या ढिगाला चूड लावणारा अधिकारी सेस्टर्शियसवर दाखविण्यात आला आणि माफ झालेली रक्कमही लेखात कोरली गेली : नव्वद कोटी सेस्टर्शियस. या तिन्ही घोषणांना इतर साधनांचा कमीअधिक दुजोरा मिळतो. परंतु नीरोने इ. स. ६५ च्या सुमारास जेनसच्या मंदिराची मिटलेली दारे नाण्यांवर दाखवून रोमन जनतेसाठी भूमीवर आणि समुद्रावर शांतता प्रस्थापित झाल्याची ग्वाही दिली. आणि ती नाणी हातोहात फिरत असतानाच, इ. स. ६६ मध्ये, जुडिया प्रांतात मोठे बंड पेटले.

तेव्हा या प्रतिमांवर विश्वास किती ठेवावा? या प्रश्नावर विसाव्या शतकात चांगलाच वाद झाला. सी. एच. व्ही. सदरलंड यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नाणी हे सम्राटांच्या राजनीतीचे व लोकमत घडविण्याचे साधन होते, असा पक्ष मांडला. ए. एच. एम. जोन्स यांनी १९५६ मध्ये त्यावर शंका घेतली. आजची टपालाची तिकिटे जशी कोणी बारकाईने वाचत नाही, तशी ही नाणीही फारशी कोणी वाचली नसतील, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. अलीकडे नाणी कोठे सापडतात याचा तपशील काळजीपूर्वक गोळा केला जाऊ लागल्यापासून या वादाला नवे वळण मिळाले आहे. अँटोनायनस पायसच्या इ. स. १५४-१५५ मधील एका ॲसवर ब्रिटानियाची खिन्न बसलेली मूर्ती आहे. ही नाणी ब्रिटनमध्येच विशेष संख्येने मिळतात. हेड्रियनच्या तटबंदीजवळील कोव्हेंटिना देवीच्या विहिरीत तर ती शेकड्यांनी निघाली. जिंकलेल्या प्रांताच्या हाती त्याचीच नतमस्तक प्रतिमा देण्यात आली होती. (गंमत अशी की, १६७२ मध्ये इंग्लंडच्या तांब्याच्या नाण्यांवर ब्रिटानिया पुन्हा अवतरली, ती राष्ट्राभिमानाची देवता म्हणून.) नाण्यावरील प्रतिमा पाहिली जात होती की नाही, याचा सर्वांत निर्णायक पुरावा मात्र जुडियातून मिळतो. तेथे खजुराच्या एका झाडाची कथा सुमारे पासष्ट वर्षे ब्राँझच्या नाण्यांवर चाललेली दिसते.

इ. स. ७० मध्ये टायटसने जेरुसलेम घेतले आणि तेथील मंदिर जळून खाक झाले. त्याचा पिता व्हेस्पेशियन यादवी युद्धातून नुकताच सिंहासनावर आला होता. त्याला ना कुळाची थोरवी होती, ना ऑगस्टसच्या घराण्याशी नाते. पराक्रम हेच त्याच्या राज्याधिकाराचे समर्थन होते. इ. स. ७१ पासून त्याने सोने, चांदी व ब्राँझ या तिन्ही धातूंत जुडियाच्या विजयाची नाणी पाडली. सेस्टर्शियसवर मधोमध खजुराचे उंच झाड, त्याच्या बुंध्याशी गुडघ्यांत मान घालून बसलेली स्त्री, दुसऱ्या बाजूस हात बांधलेला बंदी किंवा भाला घेतलेला सम्राट, आणि लेख ‘जुडिया काप्टा’, अर्थात ‘जिंकलेली जुडिया’. खजूर हे त्या भूमीचे प्रसिद्ध झाड. बंडाच्या चौथ्या वर्षी बंडखोरांनी पाडलेल्या ब्राँझ नाण्यांवरही ते होते. व्हेस्पेशियनने शत्रूचेच चिन्ह घेतले आणि त्याखाली शोकमग्न स्त्री बसविली.

पण ‘जिंकलेली’ हा शब्द तपासून घेण्याजोगा आहे. जुडिया इ. स. ६ पासूनच रोमन अमलाखाली होती. जे घडले ते प्रांतातील बंडाचे दमन होते. नाण्याने त्याला परराज्यावरील विजयाचे रूप दिले. लेखात खोटे अक्षर नाही, तरी एकंदर कथन खरे नाही. नाण्यांवरील पुष्कळशा दाव्यांची जात हीच असते.

या विजयाबरोबर एक करही आला. यहुदी लोक आपल्या मंदिरासाठी दरसाल जी रक्कम देत, ती यापुढे रोममधील ज्युपिटरच्या मंदिरासाठी, माणशी दोन दिनारियस याप्रमाणे, साम्राज्यातील सर्व यहुद्यांकडून घेतली जाऊ लागली. डोमिशियनने ती अतिशय कठोरपणे वसूल केली. नव्वद वर्षांच्या एका वृद्धाची सुंता झाली आहे काय हे भरल्या कचेरीत तपासले गेल्याचे आपण तरुणपणी पाहिले, असे स्वेटोनियस लिहितो. डोमिशियनच्या खुनानंतर, इ. स. ९६ मध्ये, नर्व्हा गादीवर आला. त्याच्या सेस्टर्शियसवर तेच खजुराचे झाड आहे, परंतु आता खाली रडणारी स्त्री नाही, बंदीही नाही. भोवतीच्या लेखाचा आशय असा की, यहुदी कराच्या खात्यातील कुभांडाचा जाच दूर करण्यात आला आहे. हा जाच नेमका कोणाला होत होता याविषयी मतभेद आहेत. कर मात्र रद्द झाला नव्हता. तो पुढेही चालूच राहिला. पहिल्या सम्राटाने ज्या झाडाखाली पराभव दाखविला, त्याच झाडाखाली दुसऱ्याने न्याय दाखविला. दोन दिनारियस होते तसेच राहिले.

या कथेचा तिसरा अंक सम्राटांनी लिहिला नाही. इ. स. १३२ मध्ये शिमोन बार कोखबा याच्या नेतृत्वाखाली जुडियात पुन्हा उठाव झाला. बंडखोरांनी नवी चकती ओतण्याऐवजी चलनात असलेली नाणी घेतली, मोठ्या ब्राँझ नाण्यांवरील जुनी छाप कानशीने घासली आणि त्यांवर आपला ठसा मारला. साम्राज्याच्या अमलाखाली पाडलेली ती प्रांताची आणि नगरांची नाणी होती. नव्या ठशात वेलीचे पान होते, प्राचीन हिब्रू लिपीतील लेख होते, इस्रायलच्या उद्धाराचे पहिले वर्ष मोजलेले होते. आणि सात झावळ्यांचे खजुराचे झाड होते. जे झाड साठ वर्षे दास्याची खूण म्हणून सम्राटाच्या नाण्यावर उभे होते, ते त्याच्याच अमलातील नाण्यावर, सम्राटाचा चेहरा घासून, स्वातंत्र्याची खूण म्हणून उमटले. काही नाण्यांवर खालची जुनी छाप अद्याप अंधुक दिसते. नाण्यांकडे कोणी पाहत नसते, तर कानस घेऊन एवढे कष्ट कोणी कशासाठी केले असते?

उठाव चिरडला गेला. डिओ कॅसियसने ५० किल्ले आणि ९८५ गावे उद्ध्वस्त झाल्याचे आकडे दिले आहेत. ते काटेकोर असोत वा नसोत, संहार भयंकर होता. जेरुसलेमच्या जागी हेड्रियनने वसविलेल्या एलिया कॅपिटोलिना या वसाहतीच्या ब्राँझ नाण्यावर बैलांच्या जोडीने नव्या नगराची सीमा नांगरणारा सम्राट आहे. आणि हेड्रियनच्या प्रांतमालिकेतील एका सेस्टर्शियसवर सम्राटाच्या जुडियातील आगमनाचे चित्र आहे : सम्राट उभा आहे, समोर जुडिया वेदीवर अर्घ्य देत आहे आणि तिची लहान मुले हातांत झावळ्या घेऊन त्याचे स्वागत करीत आहेत. या एका नाण्याखेरीज दुसरे कोणतेही साधन उरले नसते, तर हेड्रियनच्या काळात जुडियात सर्वत्र आनंदीआनंद होता असेच आपण लिहून बसलो असतो.

बार कोखबाच्या नाण्यांशी ताडून पाहावे असे उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीतही आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे, चैत्य व उज्जैन चिन्ह, पुन्हा ठोकली आहेत. तेथे धातू चांदीचा असल्यामुळे नहपानाचे नाणे त्याच्या वजनावरही चालले असते. तरी जेत्याला ते तसेच चालू द्यावेसे वाटले नाही. पराभूताच्या चेहऱ्यावर आपले चिन्ह उमटवूनच त्याने ते बाजारात परत पाठविले. जुडियात पराभूतांनी जेत्याच्या नाण्यावर, तर गोदाकाठी जेत्याने पराभूताच्या नाण्यावर ठसा मारला; मुद्रेला मोल असते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच उमगले होते.

रोमन ब्राँझचा पुढील इतिहास या मोलाच्या ऱ्हासाचा आहे. तिसऱ्या शतकात चांदीच्या नाण्यांतील चांदी उतरत गेली, भाव चढत गेले आणि मोठा, देखणा सेस्टर्शियस पाडणे परवडेनासे होऊन तो शतकाच्या उत्तरार्धात बंद पडला. त्याबरोबर प्रतिमांची विविधताही आटली. डायोक्लीशियनच्या सुधारणेनंतर, इ. स. २९४ च्या सुमारास, निघालेल्या मोठ्या ब्राँझ नाण्यांवर चारही राज्यकर्त्यांचे चेहरे जवळजवळ एकसारखे, चौकोनी व ताठर आहेत. ते व्यक्तीचे राहिले नसून पदाचे झाले आहेत. इ. स. ३४८ पासून निघालेल्या नाण्यांवर सुखाचे दिवस परत आल्याचा लेख आणि घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकणारा सैनिक दिसतो. पुढील थोड्याच वर्षांत या नाण्याचा आकार आणि वजन झपाट्याने घटत गेले. सुखाच्या दिवसांचा लेख मात्र जसाच्या तसा राहिला.

इतिहासाच्या अध्यापनात नाण्यांचा उपयोग आपण बहुधा कालनिर्णयासाठी आणि राजांच्या नामावळीसाठी करतो. तो उपयोग रास्तच आहे. परंतु नाणे ही राज्यकर्त्याने स्वतःविषयी दिलेली साक्ष आहे, हे विद्यार्थ्यांना प्रथम सांगितले पाहिजे. साक्षीदार हितसंबंधी आहे म्हणून न्यायाधीश त्याची साक्ष फेकून देत नाही. ती तो इतर पुराव्याशी ताडून पाहतो. टायबेरियसचे नाणे टॅसिटसजवळ ठेवून वाचावे, व्हेस्पेशियनचे नाणे त्या प्रांताच्या पूर्वेतिहासाशी जोडून वाचावे, आणि हेड्रियनच्या सेस्टर्शियसवरील झावळ्या घेतलेली मुले बार कोखबाच्या घासलेल्या नाण्याशेजारी ठेवून पाहावीत. पूर्वी सराफ नाणे दगडावर वाजवून घेत असे. इतिहासाच्या अभ्यासकालाही ब्राँझच्या या नाण्यांवरील प्रत्येक प्रतिमा तशीच वाजवून घ्यावी लागते, आणि तिचा नाद बद्द आला तर तीही इतिहासाच्या कामाचीच गोष्ट असते.